रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वगळू नका

प्रश्न थोडक्यात असा: महिला मंडळात चार आठवड्यांचा अभ्यासवर्ग घ्यायचा आहे. विषय, बायबलमधल्या आणि सुरुवातीच्या मंडळीतल्या स्त्रियांचे नेतृत्व. पहिल्याच बैठकीत कोणीतरी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले २:१२, म्हणजे स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये हे वचन, काढून बसणार, हे आताच दिसते आहे. मग सुरुवात कुठून करायची आणि त्या वचनाचे काय करायचे?

सुरुवात दबोरापासून करू नका. बहुतेक वर्ग तिथूनच सुरू होतात. दबोरा, रूथ, एस्तेर, मग येशूची आई मरीया. थोर स्त्रियांची ओळ उभी राहते, गीत म्हटले जाते, चहा होतो, आणि हरकत घेणारा शांतपणे म्हणतो, "हे सगळे अपवाद." त्यावर उत्तर सुचत नाही, कारण एकेका थोर व्यक्तीची गोष्ट अपवादासारखीच वाचली जाते. स्त्रियांचे नेतृत्व ही रोजच्या कामाची बाब होती की नाही हे पाहायचे तर यादी लागते. नव्या करारात अशी एक यादी आहे आणि नेमकी तीच लोक पान उलटून पुढे जातात: रोमकरांस पत्र, अध्याय १६, वचने १ ते १६. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा.

पहिली बैठक या सोळा वचनांवरच घालवा. ती मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये जागा सोडून छापून घ्या आणि प्रत्येकीला एक कागद व दोन रंगांच्या पेन्सिली द्या. पुरुषांची नावे एका रंगाने, स्त्रियांची दुसऱ्या रंगाने. मग समासात प्रत्येक नावासमोर पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्या व्यक्तीबद्दल जे म्हटले आहे तेवढेच लिहायचे, स्वतःचे काही घालायचे नाही. पाऊण तास सहज जातो. मोजणी अशी यायला हवी: सलाम सांगितलेली माणसे २६, त्यांपैकी १७ पुरुष आणि ९ स्त्रिया. स्त्रिया म्हणजे प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, युलिया आणि नाव न दिलेल्या दोघी, रूफाची आई व निरियाची बहीण. फीबी या नऊ जणींत नाही. तिला सलाम नाही, तिची शिफारस आहे. ती दहावी.

मोजणी चुकते ती ठरावीक ठिकाणी. अरिस्तबूल आणि नार्किस यांची नावे येतात, पण सलाम त्यांच्या घरच्या माणसांना आहे, त्या दोघांना नाही. ते मोजायचे नाहीत. आई आणि बहीण यांना नाव नाही म्हणून त्या रंगवायच्या राहतात. आणि युनिया हमखास पुरुषांच्या रंगात जाते. ती चूक लगेच दुरुस्त करू नका, तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

आता समास पाहा. 'पुष्कळ श्रम केले' अशा अर्थाचे शब्द चार नावांपुढे दिसतील: मरीया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. चौघीही स्त्रिया. यादीतल्या सतरा पुरुषांपैकी एकाच्याही नावापुढे ते क्रियापद नाही. मराठी कानाला श्रम म्हटले की भांडी, पाणी, स्वयंपाक आठवतो आणि वर्गात कोणीतरी म्हणतेच, "म्हणजे आपलेच काम." इथे थांबून मूळ शब्द दाखवा. ग्रीकमध्ये तो 'कोपियाओ' आहे, आणि पौल तोच शब्द स्वतःच्या प्रेषितपणाच्या कष्टांसाठी वापरतो (करिंथकरांस पहिले पत्र १५:१०, गलतीकरांस पत्र ४:११). थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ५:१२ मध्ये तर जे तुमच्यामध्ये श्रम करतात आणि तुमच्यावर देखरेख करतात त्यांना मान द्या, असे एका दमात आले आहे. म्हणजे पौलाच्या बोलीत श्रम हा मंडळीच्या कामाचा शब्द आहे. पर्सिसने नेमके काय केले ते कळत नाही, तिने उपदेश केला असे छातीठोक सांगू नका. पण तिने सतरंज्या घातल्या असेही सांगता येत नाही, आणि आजवर वाचकांनी न बोलता तेच गृहीत धरले.

फीबीला मात्र पूर्ण अर्धा तास द्या. ती किंख्रियाची. किंख्रिया म्हणजे करिंथचे पूर्वेकडचे बंदर, शहरापासून सुमारे १० किलोमीटर. करिंथला दोन समुद्र होते, पश्चिमेच्या लेखियोन बंदरातून इटलीकडे गलबते जात आणि किंख्रियातून इफिस व आशिया प्रांताकडे. पौलाने हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. वचन १ व २ हे शिफारसपत्र आहे, आणि त्या काळी शिफारस ज्याच्या हाती पत्र दिले त्याची करत. म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात की रोमला हे पत्र फीबीच घेऊन गेली. सरकारी टपाल खासगी पत्रांना नव्हते. पत्र नेणारा माणूस विश्वासाचा लागे, आणि ऐकणाऱ्यांनी काही विचारले तर खुलासाही त्यालाच करावा लागे. मूळ ग्रीकमध्ये या पत्राचे सुमारे ७,१०० शब्द आहेत. मोठ्याने वाचायला तास जातो. ते रोममध्ये तिनेच वाचून दाखवले हा अंदाज आहे, पुरावा नाही. वर्गात दोन्ही वेगळे ठेवा, म्हणजे पुढे कोणी तुमचे बोलणे खोडून काढू शकणार नाही.

तिच्याबद्दल पौल दोन शब्द वापरतो. पहिला 'डियाकोनोस'. मराठी भाषांतरांत तिथे बहुधा 'सेविका' असते. आता एक परीक्षा घ्या, तीच या वर्गाचा कणा आहे: एकच ग्रीक शब्द पुरुषापुढे आला तर मराठीत काय होतो आणि स्त्रीपुढे आला तर काय होतो? पौल स्वतःला व अपुल्लोला (करिंथकरांस पहिले पत्र ३:५), एपफ्रासला (कलस्सैकरांस पत्र १:७), तुखिकाला (इफिसकरांस पत्र ६:२१) हाच शब्द लावतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात अध्यक्षांच्या जोडीला जे सेवक येतात तेही हेच. ही पाच ठिकाणे आपापल्या प्रतीतून काढून खाली खाली लिहायला सांगा. वाच्यार्थाने 'सेविका' चूक नाही. अडचण अशी की मराठीत 'सेवक' म्हटल्यावर देवाचा सेवक, म्हणजे पाळक, डोळ्यांपुढे येतो. 'सेविका' म्हटल्यावर अंगणवाडी सेविका किंवा दवाखान्यातली आया येते. शब्द तोच, वजन पडले. शिवाय ग्रीकमध्ये इथे खास स्त्रीलिंगी रूप नाही. पुरुषांना लागतो तोच शब्द तिला लागला आहे. आणि 'अमुक गावच्या मंडळीचा डियाकोनोस' असे गावासकट एका व्यक्तीचे नाव घेऊन पौलाने दुसऱ्या कोणाबद्दल म्हटलेले नाही.

त्याच वेळी उलट्या टोकाला जाऊ नका. आजच्या चर्चमधला डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा नेमलेला सेवक, त्याची नेमणूक, त्याचा झगा, हे सगळे इ.स. ५७ मध्ये नव्हते. 'फीबी डीकन होती, झाले' असे म्हणणारा आजची व्यवस्था मागे ढकलतो.

दुसरा शब्द 'प्रोस्टाटिस'. नव्या करारात तो एवढ्याच ठिकाणी आहे. 'मदत करणारी' असे भाषांतर होते आणि मग ती सामान उचलायला पुढे झाली असे वाटते. तो आश्रयदात्याचा शब्द आहे: घर उघडणारी, पैसा पुरवणारी, अधिकाऱ्यांकडे शब्द टाकणारी. याला करिंथचाच दाखला आहे. तिथे राहणाऱ्या युनिया थिओडोरा नावाच्या श्रीमंत बाईचा पहिल्या शतकातला शिलालेख १९५४ मध्ये करिंथजवळ सापडला. लुकिया प्रांतातून येणाऱ्या लोकांना ती आसरा देई, त्यांची कामे मार्गी लावी, म्हणून त्या प्रांताने तिचा गौरव केला, आणि त्या लेखात याच घराण्यातला शब्द आला आहे. ती ख्रिस्ती नव्हती. पण फीबीच्या शेजारच्या गावात, फीबीच्याच काळात बाई हे काम करत होती आणि लोक त्याला काय म्हणत होते, हे त्यावरून कळते.

आता युनिया, वचन ७. अंद्रोनिक आणि युनिया, पौलाचे नातेवाईक, त्याच्याबरोबर कैदेत राहिलेले, त्याच्या आधी ख्रिस्तात आलेले, आणि 'प्रेषितांमध्ये नामांकित'. गोंधळ कशाचा ते मराठी माणसाला फार चटकन समजते. 'युनियास सलाम सांगा' असे वाक्य घ्या. यात नाव 'युनिया' आहे आणि 'स' हा प्रत्यय, की नावच 'युनियास' आहे? वाक्यावरून ठरत नाही. ग्रीकमध्ये हेच झाले. नाव कर्माच्या विभक्तीत आहे आणि त्या रूपावरून ते स्त्रीचे 'युनिया' की पुरुषाचे 'युनियास', हे फक्त स्वराघाताच्या खुणेवर ठरते. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्या खुणा नसत. मग बाहेरचा पुरावा पाहायचा. 'युनिया' हे स्त्रीचे नाव एकट्या रोममधल्या शिलालेखांत अडीचशेहून अधिक वेळा सापडते. 'युनियास' हे पुरुषाचे नाव त्या काळच्या एकाही लेखात सापडलेले नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम हा नामांकित धर्मोपदेशक या वचनावर बोलताना, प्रेषित म्हणवून घ्यायला योग्य ठरलेल्या या बाईची केवढी ही बुद्धी, अशा अर्थाचे उद्गार काढतो. तो स्त्रियांचा कैवारी मुळीच नव्हता आणि ग्रीक ही त्याची मातृभाषा होती, म्हणून त्याची साक्ष वजनदार. तरीही ग्रीक नव्या कराराच्या प्रमाण मानल्या जाणाऱ्या नेस्तले आवृत्तीत १९२७ मध्ये पुरुषी खूण छापली गेली आणि १९९८ पर्यंत टिकली. मधल्या काळातली किती तरी भाषांतरे याच ग्रीक पाठावर बेतलेली आहेत.

आणखी एक बारकी वाट मराठीत आहे. दोघांबद्दल मिळून 'ते नामांकित आहेत' म्हटले की लिंग झाकले जाते, आणि वाचणारा दोन पुरुष धरतो.

कोणी म्हणेल, 'प्रेषितांमध्ये' म्हणजे 'प्रेषितांना ठाऊक असलेले' असाही अर्थ निघतो. हा मुद्दा २००१ पासून गंभीरपणे मांडला गेला आहे, उडवून लावू नका. माझ्या मते ख्रिसोस्तोमसारख्या जन्मजात ग्रीकभाषकांनी तो अर्थ घेतला नाही, हे पारडे जड आहे. आणि इथला प्रेषित म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी एक नव्हे. बर्णबाही प्रेषितच म्हणवला गेला (प्रेषितांची कृत्ये १४:१४).

प्रिस्कासाठी दहा मिनिटे पुरेत. तिचे व अक्विल्लाचे नाव नव्या करारात सहा वेळा एकत्र येते, त्यांपैकी चार वेळा तिचे आधी. 'अक्विल्ला आणि त्याची बायको' अशी ओळख सुरुवातीला एकदा होते (कृत्ये १८:२), पुढे क्रम बदलतो. अपुल्लोला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगताना (१८:२६) तिचे नाव पहिले आहे. नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत मात्र नकलकारांनी नवऱ्याचे नाव पुढे आणलेले दिसते. तो क्रम खटकला, म्हणजे त्याचा अर्थ त्यांनाही कळला होता. ही घटना इफिसातली आहे. लक्षात ठेवा, याचा उपयोग पुढच्या बैठकीत होणार आहे.

दुसऱ्या बैठकीत गप्प राहण्याची वचने घ्या. ती टाळली तर वर्गाची विश्वासार्हता गेली.

आधी करिंथकरांस पहिले पत्र १४:३४-३५, 'स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे.' त्याच पत्रात तीन अध्याय मागे, ११:५ मध्ये, स्त्री प्रार्थना करताना व संदेश देताना डोके झाकून घेवो, असा नियम आहे. जिने तोंडच उघडायचे नाही तिच्या पदराचा नियम कोण करील? मग चौदावा अध्याय वचन २६ पासून पुढे वाचा. 'गप्प राहणे', ग्रीक 'सिगाओ', तीनदा येते: अन्य भाषेत बोलणाऱ्याने, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे (२८), एक संदेष्टा बोलत असता दुसऱ्याला प्रकट झाले तर पहिल्याने गप्प राहावे (३०), आणि मग स्त्रिया (३४). पहिल्या दोघांना कोणी जन्मभर गप्प बसवलेले नाही, ते सभेतल्या शिस्तीचे नियम आहेत. वचन ३५ मध्ये 'काही शिकायचे असेल तर घरी नवऱ्याला विचारावे' असे आहे, म्हणजे तिथला प्रसंग मध्येच प्रश्न विचारण्याचा दिसतो. याखेरीज काही पाश्चात्त्य परंपरेच्या हस्तलिखितांत ही दोन वचने वचन ४० नंतर येतात. त्यामुळे ती समासातली नोंद असून नंतर मजकुरात शिरली असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. ही माहिती द्या, पण तिच्यावर इमारत बांधू नका. जागा बदलली तरी ती सगळ्या हस्तलिखितांत आहेत, आणि 'मला नको असलेले वचन मुळात नव्हतेच' हा पवित्रा वर्गातल्या आजीबाईंना पटणार नाही. पटूही नये.

आता तीमथ्याला पहिले पत्र २:११-१५. इथे चार गोष्टी फळ्यावर लिहा. वचन ११ मध्ये आज्ञार्थी क्रियापद 'शिकावे' हे आहे. 'स्त्रीने शिकावे' ही आज्ञा आपण वाचतच नाही, कारण नजर पुढच्या शब्दांवर खिळलेली असते. दुसरे, इथला 'निवांतपणा' हा वरच्या 'सिगाओ'हून वेगळा, 'हेसुखिया'. त्याच अध्यायात वचन २ मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांनी शांतपणाचे आयुष्य घालवावे म्हटले आहे, तिथे याच मुळातला शब्द आहे. तिसरे, 'अधिकार चालवणे' यासाठी आलेला 'आउथेन्टेइन' नव्या करारात फक्त इथे आहे. अधिकारासाठी पौलाचा नेहमीचा शब्द वेगळा, आणि तो करिंथकरांस पहिले पत्र ७:४ मध्ये नवराबायको दोघांना सारखाच लावलेला आहे. 'आउथेन्टेइन'चा अर्थ साधा अधिकार की कुरघोडी, यावर अजून वाद आहे. चौथे, पत्र इफिसात असलेल्या तीमथ्याला आहे (१:३), आणि इफिसातच प्रिस्काने अपुल्लोला शिकवले होते.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडा. वचन १३ मध्ये कारण म्हणून आदाम आधी घडला हे दिले आहे, इफिसातली भानगड दिलेली नाही. म्हणून हा नियम कायमचा मानणारे लोक मूर्ख नाहीत. ज्या मंडळीत ते मत आहे तिथे वर्ग घेताना पाळकांशी आधी बोलून घ्या. वर्गात पाळकांना खिंडीत पकडून काही साधत नाही. पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या मागून कोणी, हा प्रश्न अभ्यासकांत मोठा आहे, पण तासाभराच्या बैठकीत तो काढला तर बाकी सगळे राहून जाते.

या वचनाचा वापर प्रत्यक्षात कसा होतो याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. तिथे त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. रमाबाईंनी पत्रातून आश्चर्य व्यक्त केले: आपल्या आईने किंवा आपण तरुणांना शिकवावे याला आपल्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नव्हती, आणि हे लोक घेतात! वडील म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. या बाईने नंतर केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ती प्रत मिळाली तर पहिल्या बैठकीतली परीक्षा तिलाही लावून पाहा. रमाबाईंचे आहे म्हणून सूट नको.

तिसरी बैठक, नव्या करारानंतरची शतके. इथे लोक सर्वांत जास्त घसरतात, म्हणून कोणता पुरावा कसल्या जातीचा हे आधी ठरवा. 'पौल आणि थेक्ला' ही दुसऱ्या शतकातली कथा वाचायला झकास आहे, पण तिच्यावरून थेक्लाने खरोखर काय केले ते ठरत नाही. तिचा उपयोग वेगळा: साधारण इ.स. २०० च्या सुमारास तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक चिडून लिहितो की या कथेचा आधार घेऊन काही बायका शिकवण्याचा व बाप्तिस्मा देण्याचा हक्क सांगतात. म्हणजे हक्क सांगणाऱ्या होत्या. मनाई ज्या कागदात असते तो कागद नीट वाचावा; जे कोणी करतच नाही त्याला मनाई कोण करणार? तसेच बायबलबाहेरच्या 'मरीयेचे शुभवर्तमान' वगैरेंवरून 'चर्चने सगळे दडपले' अशी रहस्यकथा रचू नका. आणि मग्दालिया मरीया वेश्या होती असे चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. तिची दुसऱ्या बायकांशी सरमिसळ पोप ग्रेगरी पहिला याच्या इ.स. ५९१ च्या प्रवचनाने पक्की झाली.

पक्का पुरावा म्हणजे प्लिनी. बिथुनियाचा हा रोमन सुभेदार साधारण इ.स. ११२ मध्ये सम्राट त्रायानला लिहितो की ख्रिस्ती लोकांचे खरे काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला, ज्यांना 'मिनिस्त्रे' म्हणत. हा लॅटिन शब्द म्हणजे 'डियाकोनोस'चाच जोड. माहिती काढायला त्याने या दोघींना धरले. फीबी पैशाने मोठी होती, या दोघी गुलाम होत्या. मंडळीतले पद मात्र एकाच शब्दाचे.

तिसऱ्या शतकात सिरियात रचलेल्या 'दिदास्कालिया' या नियमग्रंथात स्त्री-डीकनचे काम तपशिलात येते. बाप्तिस्मा कपडे उतरवून होई आणि अंगाला तेल लावले जाई. बायकांना ते पुरुषाने लावणे बरे दिसेना, म्हणून स्त्री-डीकन. पाण्यातून वर आल्यावर त्या बाईला शिकवणे तिच्याकडे. ज्या घरांत बाकीचे ख्रिस्ती नाहीत तिथल्या आजारी बायकांकडे जाणे तिच्याकडे, कारण पुरुष डीकनला आत कोण घेणार? त्याच ग्रंथात तिने स्वतः बाप्तिस्मा देऊ नये असेही आहे. आणि तिला पवित्र आत्म्याच्या जागी मान द्या असेही आहे. सिरियाक भाषेत आत्मा हा शब्द स्त्रीलिंगी.

हे पद कमी का झाले याचे उत्तरही याच कामात आहे. सगळे गावच ख्रिस्ती झाल्यावर प्रौढ बाप्तिस्मे घटले, तान्ह्या मुलांचे वाढले, तेल लावायला बाईची गरज उरली नाही. दुसरे कारण जागेचे. पहिली दोन-अडीच शतके मंडळी घरांत जमत: लुदियाचे घर, मार्काच्या आईचे घर, नुंफाचे घर (कलस्सैकरांस पत्र ४:१५). घरात बाईचा शब्द चालतो. चौथ्या शतकात कचेरीसारख्या मोठ्या दालनांत उपासना गेली, आणि सार्वजनिक जागा पुरुषांची. धर्मशास्त्र बदलण्याआधी बैठकीची जागा बदलली, असे मला वाटते.

तरी पूर्वेकडे पद लगेच संपले नाही. जेरुसलेममध्ये जैतुनाच्या डोंगरावर चौथ्या शतकाच्या सुमाराची एक कबरशिला सापडली. तिच्यावर सोफिया या डियाकोनोसला 'दुसरी फीबी' म्हटले आहे. ४५१ च्या खल्किदोन परिषदेचा १५ वा नियम, चाळिशीच्या आत कोणा स्त्रीला या पदावर नेमू नये. आणि ५३५ मध्ये सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या चर्चची आस्थापना ठरवून दिली तेव्हा ६० याजक, १०० पुरुष डीकन आणि ४० स्त्री-डीकन धरल्या. हा पगारपत्रकासारखा आकडा फळ्यावर लिहा, वर्ग जागा होतो. पश्चिमेकडे मात्र ४४१ मध्येच ऑरेंजच्या परिषदेने स्त्री-डीकन नेमू नयेत असे ठरवले होते.

दबोरा, मिर्याम, हुल्दा यांना चौथ्या बैठकीत घ्या. आता त्या अपवाद वाटत नाहीत. दबोराबद्दल 'पुरुष भित्रे निघाले म्हणून देवाने बाई उभी केली' असे सांगितले जाते. शास्ते ४:४-५ काढा: सेनापती बाराक येण्याआधीपासून ती रामा व बेथेल यांच्या दरम्यान ताडाखाली बसून निवाडे करत होती. बाराकाचा कच खाणे नंतरचे. हुल्दा तर अभ्यासवर्गांतून नेहमी सुटते. योशीया राजाच्या काळी, इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा तो खरा का हे विचारायला पाच मोठे अधिकारी तिच्या घरी गेले (२ राजे २२:१४). यिर्मया तेव्हा संदेश देत होता. त्याच्याकडे कोणी गेले नाही, आणि याचे कोणाला नवलही वाटलेले दिसत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगा. 'यहूदी धर्मात स्त्रीला काही स्थान नव्हते, येशूने दिले' हे वाक्य व्यासपीठावरून फार ऐकू येते. ते हुल्दाच खोटे पाडते. स्मुर्णा शहरातल्या एका शिलालेखात रूफिना नावाची यहूदी बाई स्वतःला सभास्थानाची प्रमुख म्हणवते.

शेवटची वीस मिनिटे राखून ठेवा. साधारण इ.स. ३८० च्या 'प्रेषितांचे विधी' या संग्रहाच्या आठव्या भागात स्त्री-डीकनवर हात ठेवताना बिशपने करायची प्रार्थना आहे. मिर्याम, दबोरा, हन्ना आणि हुल्दा यांना आत्म्याने भरणाऱ्या देवा, अशी तिची सुरुवात. ही चार नावे फळ्यावर लिहा, पहिल्या दिवसाचे रंगवलेले कागद परत काढायला सांगा आणि विचारा, या प्रार्थनेत फीबीचे नाव का घेतले नसेल? यावर बायका एकमेकींशी वाद घालतील. घालू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.